नुक्स आणि कसूर

घरातले मोठे माणूस कॅन्सरने आजारी पडले की लोक कारण शोधतात, आणि पुष्कळदा ते सापडतेही. अब्बा बिडी ओढायचे, चाचा गुटखा खायचे, नानी रोज मशेरी लावायची. कारण सापडले की ऐकणाऱ्याला थोडे हायसे वाटते. आपण बिडी ओढत नाही, म्हणजे आपल्याला भय नाही, असा त्यामागचा हिशोब असतो. पण तीन वर्षांच्या लेकराच्या पोटात कॅन्सरची गाठ निघते तेव्हा हा हिशोब कोलमडतो. त्या लेकराने कुठले व्यसन केले? त्याने कुणाचे काय बिघडवले? लेकरू निष्पाप आहे हे सर्वांनाच मान्य असते. म्हणून कारणाचा शोध लेकराला सोडून त्याच्या आईबापांकडे वळतो, आणि बहुतेक वेळा तो आईपाशी येऊन थांबतो.

या लेखात आम्हाला याच शोधाविषयी बोलायचे आहे. लहान मुलांच्या मूत्रपिंडात, म्हणजे गुर्द्यात, होणारा एक कॅन्सर आहे. त्याच्या मुळाशी पेशींमधल्या जनुकांत झालेले बदल असतात, हे विज्ञानाने गेल्या साठ वर्षांत दाखवून दिले आहे. प्रश्न असा की, ज्या गोष्टीचे कारण कळले तिचा गुन्हेगारही कळला असे म्हणता येईल का? आम्ही शिक्षक आहोत, डॉक्टर नाही. साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी असलेल्या पिंपळनेरमध्ये उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवतो. पण आजारी मुलाची आई जे डॉक्टरांना विचारायला कचरते ते शाळेच्या ओट्यावर बसून मास्तरांना विचारते. तेव्हा उत्तर देण्याची जबाबदारी आमच्यावरही येते.

आधी आजार समजून घेऊ. याला विल्म्स ट्यूमर म्हणतात. माक्स विल्म्स या जर्मन शल्यविशारदाने १८९९ मध्ये अशा गाठींवर ग्रंथ लिहिला, त्यावरून हे नाव पडले. मुलांच्या मूत्रपिंडात होणाऱ्या कॅन्सरपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास हाच असतो. साधारण दहा हजार मुलांमागे एकाला तो होतो. बहुतेक मुले पाच वर्षांच्या आतली असतात. थोड्या मुलांत दोन्ही मूत्रपिंडांत गाठी निघतात. मूल पुष्कळदा हसते-खेळते असते. आंघोळ घालताना किंवा कपडे बदलताना आईच्या हाताला पोटाच्या एका बाजूला काहीतरी कडक लागते. कधी लघवीतून रक्त जाते, कधी ताप येतो, कधी रक्तदाब वाढतो. म्हणजे आजार पहिल्यांदा ओळखणारा हात बहुधा आईचाच असतो. जिने तो ओळखला तिच्यावरच पुढे आळ येतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

हे आळ कसकसे येतात ते आपल्याला माहीत आहे. पोटुशी असताना ग्रहण पाळले नाही. मगरिबच्या वेळी केस मोकळे सोडून बाहेर गेली. पपई खाल्ली. मोबाइल पोटाशी घेऊन झोपली. कुणाची तरी नजर लागली. ग्रहणाची भीती तर आमच्या भागात मुसलमान, मराठा, कोकणा, भिल्ल अशा सगळ्यांच्या घरात सारखीच आहे. सासू म्हणते, "हमारे खानदान में तो ऐसा किसी को नहीं हुआ." एवढ्या एका वाक्याने दुसऱ्या खानदानावर शिक्का बसतो. शिकलेली माणसे ग्रहण मानत नाहीत, पण त्यांच्याजवळ दुसरा आरोप तयार असतो. "नात्यात लग्न केलं ना, मग असंच होणार." आरोपाची भाषा बदलली तरी त्याचा रोख तोच राहतो. कुणीतरी काहीतरी केले, म्हणून हे झाले.

विल्म्स ट्यूमरच्या बाबतीत आजवर पुष्कळ शोध घेतला गेला आहे. आईने काय खाल्ले, बाप कुठल्या कामावर होता, घराच्या आसपास काय होते, हे सगळे तपासले गेले. त्यातून बोट ठेवावे असे एकही बाहेरचे कारण सिद्ध झालेले नाही. ग्रहणाचा, पपईचा, नजरेचा तर प्रश्नच नाही. मग डॉक्टर सांगतात ते काय असते?

डॉक्टर मराठीत सांगतात, "बाळाच्या जनुकात दोष आहे." इथे आपल्या भाषेची एक अडचण उभी राहते. मराठीत दोष या शब्दाचे दोन अर्थ होतात. यंत्रात दोष असतो, डोळ्यात दोष असतो, तो दोष म्हणजे उणीव किंवा बिघाड. आणि आपण एखाद्याला दोष देतो, तो दोष म्हणजे अपराध. शब्द एकच असल्यामुळे डॉक्टर पहिल्या अर्थाने बोलतात आणि आई दुसऱ्या अर्थाने ऐकते. उर्दूत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत. वस्तूत असतो तो नुक्स, आणि माणसाकडून होतो तो कसूर. घड्याळात नुक्स असतो, घड्याळाचा कसूर नसतो. आमच्या घरांत हे दोन्ही शब्द रोज बोलले जातात, पण दवाखान्यातून बाहेर पडेपर्यंत नुक्साचा कसूर झालेला असतो. आमच्या म्हणण्याचा सारा भार या एका फरकावर आहे. तो शब्दांपुरता आहे की वस्तुस्थितीतही आहे, हे पाहण्यासाठी जनुकांत नेमके काय घडते ते पाहिले पाहिजे.

उर्दू शिकलेल्या वाचकाला हे समजायला सोपे आहे. उर्दूत खुदा आणि जुदा हे दोन शब्द लिहिताना फरक फक्त एका नुक्त्याचा असतो. नुक्ता वर दिला तर खुदा, खाली दिला तर जुदा. आपल्या प्रत्येक पेशीत सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा मजकूर आहे. पेशी दुभंगून दोन होते तेव्हा हा सगळा मजकूर नव्याने उतरवला जातो. आईच्या पोटात एका पेशीपासून सुरुवात होते आणि नऊ महिन्यांत अब्जावधी पेशी तयार होतात. एवढ्या नकला करताना कुठेतरी नुक्ता इकडचा तिकडे होतोच. शरीरात दुरुस्तीची व्यवस्था आहे आणि बहुतेक चुका ती निस्तरते. ज्या राहून जातात त्यांतल्याही बहुतेकांनी काही बिघडत नाही. पण एखादा नुक्ता अशा जागी हलतो की सगळा अर्थच फिरतो. मूत्रपिंड घडवणाऱ्या पेशीला 'आता वाढ थांबव आणि कामाला लाग' असा जो निरोप असतो, तो तिला वाचताच येत नाही. मग ती पेशी वाढतच राहते.

ही जागा शोधण्याची हकिकत थोडक्यात अशी. १९६४ मध्ये रॉबर्ट मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत विल्म्स ट्यूमरच्या ४४० मुलांच्या नोंदी तपासल्या. त्यांतल्या सहा मुलांच्या डोळ्यांत बुबुळाभोवतीचा रंगीत पडदाच नव्हता. हा डोळ्यांचा विकार इतका दुर्मीळ आहे की ४४० मुलांत सहा हा योगायोग नव्हे, हे उघड होते. डोळा आणि मूत्रपिंड यांना जोडणारे काहीतरी एकाच ठिकाणी असले पाहिजे. पुढे कळले की अशा मुलांत अकराव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. १९७१ मध्ये आल्फ्रेड नुडसन यांनी डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर झालेल्या ४८ मुलांच्या नोंदींवरून एक विचार मांडला आणि पुढच्याच वर्षी लुईस स्ट्राँग यांच्याबरोबर तो विल्म्स ट्यूमरला लावून पाहिला. प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक बिघडली तरी दुसरी काम चालवते. दोन्ही बिघडल्या की गाठ होते. काही मुलांत एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते, बाकीच्यांत दोन्ही बिघाड नंतर एकाच पेशीत घडतात. १९९० मध्ये अकराव्या गुणसूत्रावरचे ते जनुक हाती लागले. त्याला डब्ल्यूटी-वन असे नाव मिळाले. गर्भात मूत्रपिंड घडण्यासाठी ते लागतेच.

पण गोष्ट इतकी सरळ निघाली नाही. डब्ल्यूटी-वनमधला बदल थोड्याच गाठींत सापडतो. पुढे आणखी जनुके सापडत गेली. २००७ मध्ये एक्स गुणसूत्रावरचे एक सापडले. मुलग्यांत एक्स गुणसूत्र एकच असते, त्यामुळे तिथे एकाच बिघाडाने भागते. गर्भातल्या मूत्रपिंडाची वाढ चालू ठेवणारी जनुके सापडली, पेशीतले बारीक निरोप कापून तयार करणारी सापडली. आज ही यादी चाळीसच्या आसपास पोचली आहे.

यांत सर्वांत विचार करायला लावणारा प्रकार निराळाच आहे. तिथे अक्षर बदललेलेच नसते. उर्दूत अलिफ आणि सीन एवढी दोनच अक्षरे लिहिली तर ती इस आहेत की उस, हे जेर आहे की पेश यावरून ठरते. अक्षरे तीच, खूण बदलली की वाचन बदलते. जनुकांवरही अशा खुणा असतात. अकराव्या गुणसूत्राच्या टोकाजवळ वाढीला जोर देणारे एक जनुक आहे. नियम असा की बापाकडून आलेली प्रत वाचायची आणि आईकडून आलेली मिटून ठेवायची. विल्म्स ट्यूमरच्या निम्म्याहून अधिक गाठींत ही खूण बिघडलेली असते किंवा आईची प्रत हरवून तिथे बापाचीच दुसरी प्रत आलेली असते. मिटलेले पान उघडते आणि वाढीचा हुकूम दुप्पट होतो. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजजवळच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ज्या मुलांची गाठ काढली त्यांच्या उरलेल्या, वरून निरोगी दिसणाऱ्या मूत्रपिंडाचीही त्यांनी तपासणी केली. अनेक मुलांत खुणेचा तोच बिघाड त्या निरोगी भागातल्या पेशींच्या मोठ्या समूहातही सापडला. म्हणजे बी फार आधी पडलेले होते. मूत्रपिंड घडायला लागले त्या दिवसांत, एखाद्याच पेशीत, आईला दिवस गेल्याचे नीट जाणवले असेल-नसेल अशा वेळी.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कातिबाने नुक्ता चुकवला तर आपण कातिबाला धरतो, कारण तो पाहत होता आणि त्याला नीट लिहिता आले असते. पेशीच्या आत असा कुणी बसलेला नसतो. तिथे आईचा हात पोचत नाही, बापाची इच्छा पोचत नाही. कसूर म्हणायला तीन गोष्टी लागतात. करणाऱ्याला माहीत असले पाहिजे, त्याच्या हातात असले पाहिजे आणि दुसरे काही करण्याची मुभा असली पाहिजे. आपण वर्गात एखाद्या मुलाला शिक्षा करण्याआधी एवढे पाहतोच. जो बदल डोळ्यांना दिसत नाही, कुणाला कळत नाही आणि थांबवता येत नाही, त्याबद्दल कुणालाही कसूरवार ठरवणे हा जुलूम आहे.

इथे कुणी म्हणेल, पण काही मुलांत तो बदल आईबापांकडूनच येतो, त्याचे काय? ही शंका रास्त आहे आणि टाळता कामा नये. ज्या कुटुंबात हा आजार एकाहून अधिक जणांना झाला अशी कुटुंबे फार थोडी आहेत, शंभरातली एक-दोन. मात्र जन्मतःच शरीरात असा बदल घेऊन आलेल्या मुलांचे प्रमाण त्याहून जास्त आहे, आणि अलीकडच्या बारकाईच्या तपासण्यांत ते पूर्वीच्या अंदाजापेक्षा बरेच वर गेले आहे. त्यांतल्याही अनेकांत तो बदल आईबापांपैकी कुणातच नसतो, तो त्या मुलापासूनच सुरू झालेला असतो. आणि समजा तो बापाकडून आला, तरी बापाने तो लिहिलेला नाही. त्यालाही तो कुठूनतरी मिळालेला आहे. वारशाने आलेली जमीन विकायची की ठेवायची हे माणूस ठरवतो. डोळ्यांचा रंग आणि पेशीतला मजकूर याबाबत त्याला कुणी विचारत नाही. एकाचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर टाकायचे नाही, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती इथे लागू करायला काय हरकत आहे?

नात्यातल्या लग्नाबद्दलही सरळ बोलले पाहिजे. आपल्या समाजात चुलत, मावस, आते-मामे भावंडांत लग्ने होतात. महाराष्ट्रात इतर अनेक जातींतही मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. थॅलेसेमियासारखे जे आजार आई आणि बाप दोघांकडूनही तोच बिघाड मिळाल्यावर होतात, त्यांचा धोका अशा लग्नांत वाढतो. हे खरे आहे आणि निकाह ठरवताना त्याचा विचार व्हायला हवा. पण विल्म्स ट्यूमरची बहुसंख्य मुले या प्रकारात मोडत नाहीत. फार विरळ असे काही विकार सोडले तर नात्यातल्या लग्नाशी त्याचा संबंध नाही. एका आजाराबद्दलचे सत्य उचलून दुसऱ्या आजाराच्या आईवर फेकणे, हे विज्ञान नव्हे. ते ग्रहणाच्या आरोपाचेच शिकलेले रूप आहे.

कारण आणि कसूर यांची ही गल्लत जुनी आहे, आणि तिच्यावरचा विचारही जुना आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस इमाम गझालींनी कापूस आणि विस्तव यांचे उदाहरण घेऊन विचारले की, कापसाला विस्तव लागतो आणि कापूस जळतो, एवढेच आपण पाहतो. विस्तवानेच जाळले हे आपण कुठे पाहिले? त्यांच्या मते खरा कर्ता एकच, बाकी आपण पाहतो तो केवळ नेहमीचा क्रम. शंभर वर्षांच्या आत अंदलुसच्या इब्न रुश्दने त्यांना उत्तर दिले की, वस्तूंच्या अंगच्या कारणांना नाकारले तर ज्ञानालाच जागा उरत नाही. या वादात कोण बरोबर, हे ठरवण्याचा आमचा अधिकार नाही. पण खान्देशातल्या माणसाला जिनिंगच्या आवारात पेटलेल्या कापसाच्या गंजीचे भय ठाऊक असते, म्हणून एक गोष्ट चटकन लक्षात येते. दोघांपैकी कुणीही जळणाऱ्या कापसाला गुन्हेगार म्हटले नाही. तकदीर मानणाऱ्याला आईवर बोट ठेवता येत नाही, कारण त्याच्या लेखी ती कर्ती नाही. कारणपरंपरा मानणाऱ्यालाही ठेवता येत नाही, कारण त्या साखळीत तिने केलेले असे काहीच नाही. दोन्ही वाटांनी गेलो तरी आई निर्दोषच ठरते. मग तिला दोषी धरणारे आपण कोणत्या वाटेने जातो?

आमच्या मते ती वाट भीतीची आहे. कारण नसताना एखाद्याच्या घरावर असे संकट येऊ शकते, हे मानले तर ते आपल्याही घरावर येऊ शकते. ते सहन होत नाही. त्यापेक्षा तिने काहीतरी केले असेल असे म्हटलेले बरे, म्हणजे आपण सुरक्षित. कुष्ठरोगाच्या बाबतीत हेच झाले. शतकानुशतके त्याला पापाचे फळ आणि घराण्याचा डाग मानले गेले. १८७३ मध्ये नॉर्वेच्या हान्सेन यांनी त्याचा जंतू दाखवला, तरी रोग्यांना गावाबाहेर काढणे लगेच थांबले नाही. १९४१ मध्ये मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळेची धुरा सांभाळणाऱ्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी कॅन्सर आणि कुष्ठरोग या दोन्हींचा अभ्यास केला, आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी कॅन्सरमधला आनुवंशिकतेचा, संप्रेरकांचा आणि विषाणूंचा वाटा शोधला. आपल्या मराठी मुलखातल्या या माणसांनी कारणे शोधण्यात आयुष्य घातले. कारण सापडले तर इलाज सापडेल, यासाठी. कुणाला वाळीत टाकता यावे यासाठी नव्हे.

आता दुसरी बाजू. कुणाचाच कसूर नाही असे म्हटले की काही जण हात झटकून मोकळे होतात. "नसीब की बात है, अल्लाह की मर्जी." आम्हाला हेही मान्य नाही. आजार येण्यात कुणाचा कसूर नसला तरी आल्यानंतर काय करायचे ते आपल्या हातात असते, आणि जिथे हातात असते तिथे जबाब द्यावा लागतो. आधी उंट बांधा, मग भरोसा ठेवा, ही शिकवण वाचकांना सांगायला नको.

या आजारात तर उंट बांधण्याला फार मोल आहे. योग्य उपचार मिळतात अशा देशांत विल्म्स ट्यूमरच्या दहापैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. आपल्याकडेही चांगल्या केंद्रांत वेळेवर पोचलेली आणि उपचार पुरे करणारी बहुसंख्य मुले बरी होतात. गाठ असलेले मूत्रपिंड काढतात, औषधे देतात, गरज असेल तर किरणोपचार. सगळे मिळून साधारण चार ते आठ महिने. उरलेल्या एका मूत्रपिंडावर मूल शाळेत येते, खेळते, पुढे संसार करते. औषधे कुठून आली पाहा. व्हिन्क्रिस्टीन हे औषध सदाफुलीतून मिळाले, जी आपल्या प्रत्येक अंगणात फुलते. अ‍ॅक्टिनोमायसिन मातीतल्या सूक्ष्मजीवांतून मिळाले, १९४० मध्ये सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत, आणि पुढे बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ते या मुलांसाठी वापरले. याच वाक्समन यांच्या प्रयोगशाळेने क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिनही दिले. मात्र सदाफुली विषारी आहे. अंगणातली पाने उकळून मुलाला पाजणे म्हणजे इलाज नव्हे.

म्हणून जबाबदारी कुठे आहे ते मोजून सांगतो. मुलाच्या पोटात गाठ लागली तर ते पोट कुणाकडूनही चोळून घेऊ नये, पुन्हा पुन्हा दाबूनही पाहू नये. गाठ आत फुटण्याचा धोका असतो. त्याच आठवड्यात सोनोग्राफी करून घ्यावी. तावीज बांधायचा त्याने बांधावा, पण तावीज बांधून दवाखान्याची तारीख पुढे ढकलू नये. ज्या बाळाच्या डोळ्यांत रंगीत पडदा नाही, किंवा ज्याच्या शरीराची एक बाजू दुसरीपेक्षा मोठी आहे, त्याला जन्मापासून डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवावे. अशा मुलांची सात-आठ वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी केली तर गाठ लहान असतानाच सापडते. कुटुंबात असा बदल आहे असे तपासणीत कळले, तर इतर भावंडांना तपासून घेणे हे आईबापांचे कर्तव्य होते. माहीत नव्हते तोवर कसूर नव्हता. कळल्यावर लपवले, तर मात्र तो कसूर आहे. आणि लोक डाग लावतील या भीतीने त्यांना लपवावे लागत असेल, तर त्या कसुरात डाग लावणारेही सामील आहेत.

सर्वांत मोठी जबाबदारी उपचार पुरे करण्याची आहे. गाठ काढली, मूल हसू लागले की पुढची औषधे सोडून देणारी कुटुंबे असतात. त्याला नेहमी अडाणीपणा म्हणू नये. पिंपळनेरहून मुंबईला महिनोन्‌महिने जायचे तर मजुरी बुडते, घरची दुसरी मुले शेजाऱ्यांवर पडतात. २०१२ मध्ये राज्याची जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला धुळे जिल्हा होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि कॅन्सरचे उपचार तीत बसतात. बाहेरगावच्या मुलांना आईबापांसह मोफत राहता यावे म्हणून सेंट ज्यूड संस्थेने २००६ पासून मुंबईत घरे उभी केली आहेत. पण रेशनकार्डावरचे नाव आधारकार्डाशी जुळत नाही म्हणून काम अडते, तेव्हा अर्ज लिहून द्यायला मोहल्ल्यातला शिकलेला माणूस लागतो. जकातीचा एक वाटा बसभाड्याला लागतो. आठ महिने गैरहजर राहिलेल्या मुलाचे नाव हजेरीपटावर ठेवणारा मास्तर लागतो. केस गळालेल्या मुलाशेजारी आपल्या मुलाला बसू देणारे पालक लागतात, कारण हा आजार लागत नाही. आणि पंधरा-वीस वर्षांनी त्या बऱ्या झालेल्या मुलीचे स्थळ आले की, "बचपन में उसको कॅन्सर था" असे कुजबुजून तिचे आयुष्य दुसऱ्यांदा मोडू नये, एवढी माणुसकी लागते.

कसूर मागे पाहतो आणि जबाबदारी पुढे पाहते. मागे पाहून ज्यात कुणाचा गुन्हा सापडत नाही, त्यात पुढे पाहून प्रत्येकाला काम सापडते. समाज म्हणून आपण आजवर पहिल्या गोष्टीवर फार वेळ घालवला.

आम्हा शिक्षकांना यातले एक काम उद्यापासून करता येईल. दहावीच्या विज्ञानात आनुवंशिकतेचा धडा आहे. तो शिकवताना जनुकातला दोष म्हणण्याऐवजी जनुकातला बदल म्हणावे, आणि नुक्स व कसूर यांतला फरक मुलांना समजावून सांगावा. आज समोर बसलेल्या मुलींपैकी कुणी उद्या आई होईल, कुणी सास होईल, मुलांपैकी कुणी बाप होईल, कुणी डॉक्टर होईल. कुणाच्या तरी घरात हा प्रसंग येईल. त्या वेळी "किसकी वजह से हुआ?" असे विचारण्याआधी "इलाज कुठे आहे, आणि आम्ही काय करू?" असे त्यांच्या तोंडून निघाले, तर त्या घरातल्या आईला रडायला तरी मोकळीक मिळेल. लेकराच्या आजाराचे दुःखच तिला पुरेसे आहे. गुन्ह्याचे ओझे आपण त्यावर ठेवू नये.